पेमगिरीचा वड, रतनवाडीचं रान

पेमगिरीच्या वडाजवळ नव्याने आलेला माणूस आधी बुंधा शोधतो. तो सापडत नाही. झाड म्हणजे एक खोड आणि त्यावर फांद्यांचा डोलारा, अशी आपल्या डोळ्यांना सवय. इथे लांबून जे लहानसं रान दिसतं ते सगळं मिळून एकच झाड आहे, हे आत शिरून थोडं फिरल्याशिवाय मनाला पटत नाही. आडव्या फांद्यांवरून पारंब्या सुटल्या, जमिनीत उतरल्या, जाड होऊन त्यांचे खांब झाले. त्या खांबांच्या आधाराने फांद्या आणखी पुढे सरकल्या आणि तिथून पुन्हा पारंब्या सुटल्या. कित्येक पिढ्या हेच चाललेलं आहे. झाड किती जागेवर पसरलं आहे असं गावात विचारलं, तर कुणी अडीच एकर सांगतं, कुणी साडेतीन. आत उभं राहिल्यावर दोन्ही आकडे खरे वाटतात.

पेमगिरी हे अहिल्यानगर जिल्ह्याच्या संगमनेर तालुक्यातलं गाव. मी ओळखीच्या मंडळींचे आणि शाळांचे लहान गट संगमनेर-अकोले भागातल्या जुन्या झाडांकडे घेऊन जातो. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘एका दिवसात काय काय होईल?’ त्यांच्या यादीत सकाळी वड, मग किल्ला, दुपारी रंधा धबधबा, भंडारदरा धरण, संध्याकाळी सांदण दरी असं सगळं असतं. गाडी धावली तर हे होतंही. पण मग वडाच्या वाट्याला वीस मिनिटं येतात, त्यातली दहा फोटोंना. माझं म्हणणं एवढंच की जुन्या झाडाकडे जायचं तर दिवस त्या झाडाच्या सोयीने आखायला हवा. कोणत्या ऋतूत जायचं, किती जणांनी, कुठे पाय ठेवायचा आणि कुणाच्या मागून चालायचं, ही चार उत्तरं आधी मिळवावीत. गाडी, डबा, मुक्काम यांचा विचार त्यानंतर.

हे जगात इतरत्र कसं करतात ते पाहण्यासारखं आहे. अमेरिकेत मुलं असलेले आपल्याकडचे कितीतरी आईवडील सॅन फ्रान्सिस्कोला गेले की त्यांना एक दिवस म्यूर वूड्सला नेलं जातं. शहराच्या उत्तरेला, समुद्राजवळच्या दरीत रेडवूडचं हे जुनं जंगल आहे. लाकूडतोडीने आजूबाजूचे डोंगर उघडे पडत असताना विल्यम केंट आणि त्यांच्या पत्नीने १९०५ मध्ये ही दरी विकत घेतली आणि पुढे तिचा मोठा भाग सरकारला देऊन टाकला. ९ जानेवारी १९०८ रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्याला राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केलं. तिथली बरीच झाडं सहाशे ते आठशे वर्षांची आहेत. २०१८ पासून तिथे गाडी लावायची किंवा तिथल्या बसने जायचं तर आधी जागा राखून ठेवावी लागते. आत फळ्यांच्या आखीव वाटा आहेत आणि लोकांनी त्यांवरूनच चालायचं असतं.

एवढी काळजी घेण्याचं कारण मुळांमध्ये आहे. रेडवूड शंभर मीटरच्या वर जातो, पण त्याची मुळं जमिनीत फार खोल नसतात. तीन-चार मीटर खोल जाऊन ती बाजूला लांबवर पसरतात आणि शेजारच्या झाडांच्या मुळांत गुंततात. त्या मुळांवरून माणसं चालत राहिली की माती दाबली जाते, तिच्यातली हवेची आणि पाण्याची जागा संपते आणि मूळ गुदमरतं. जगातलं सर्वांत उंच झाड, सुमारे ११६ मीटरचा ‘हायपेरियन’ हा रेडवूड, २००६ मध्ये सापडला. त्याचं ठिकाण अधिकृतपणे कधीच जाहीर झालं नव्हतं, तरी इंटरनेटवरून माग काढत लोक रानातून वाटा पाडून पोचू लागले. बुंध्याजवळची झुडपं तुडवली गेली, कचरा साचला. शेवटी २०२२ मध्ये तो भागच बंद करण्यात आला. आत शिरणाऱ्याला पाच हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

वडाच्या बाबतीत पायांचा प्रश्न आणखी अवघड आहे. रेडवूडची मुळं एका बुंध्याभोवती असतात. वडाची मुळं प्रत्येक खांबाखाली असतात. शिवाय वडाला उद्याचे खांब हवे असतात. फांदीवरून लोंबणारी बारीक तपकिरी पारंबी जमिनीला टेकली आणि तिला मऊ, ओलसर माती मिळाली तर ती रुजते. खालची माती पायांनी आणि चाकांनी टणक झालेली असेल, तिथे फरशी किंवा सिमेंट असेल, किंवा कुणी झोका घेताना पारंबी तोडली असेल, तर खांब होत नाही. फांदी मात्र वाढतच राहते. आधाराशिवाय लांबलेली जड फांदी एखाद्या वादळात मोडते आणि त्या जखमेतून बुरशी आत शिरते.

देशातल्या मोठ्या वडांचा इतिहास याच धोक्याचा आहे. कोलकात्याजवळच्या आचार्य जगदीशचंद्र बोस वनस्पती उद्यानातला वड १८६४ आणि १८६७ च्या चक्रीवादळांत जखमी झाला. पुढे मुख्य बुंधा बुरशीने कुजला आणि १९२५ मध्ये तो काढून टाकावा लागला. आज ते झाड मूळ बुंध्याशिवाय फक्त पारंब्यांच्या खांबांवर उभं आहे. २०२० च्या अम्फान वादळात त्याची पुन्हा हानी झाली. तेलंगणात महबूबनगरजवळच्या ‘पिल्ललमर्री’ या जुन्या वडाला वाळवीने पोखरलं. फांद्या कोसळू लागल्यावर तो पर्यटकांसाठी बंद केला आणि २०१८ मध्ये सलाईनच्या बाटल्या लावून थेंब-थेंब औषध खोडात सोडावं लागलं. त्या झाडावर लोक वर्षानुवर्षं चढत होते, फांद्यांना झोके घेत होते. आंध्र प्रदेशातला ‘तिम्मम्मा मर्रिमानु’ १९८९ मध्ये गिनेस पुस्तकात सर्वांत मोठा वड म्हणून नोंदला गेला. त्याचा विस्तार पावणेपाच एकरांच्या आसपास आहे. तिथे लोंबत्या पारंब्यांना पोकळ बांबूंतून वाट करून देऊन जमिनीपर्यंत पोचवतात. आपल्याकडेही हे करता येण्याजोगं आहे, त्याला फार पैसा लागत नाही.

म्हणून पेमगिरीला गट नेताना मी पंधराच्या वर माणसं घेत नाही. एका टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये मावतील एवढीच. शाळेची बस असेल तर मुलांचे दोन भाग करून एक भाग किल्ल्यावर, एक वडाकडे, मग अदलाबदल. गाडी झाडाच्या सावलीत लावायची नाही. हे ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवावं लागतं, कारण संगमनेरच्या उन्हात सावली दिसली की गाडी आपोआप तिकडे वळते.

पुण्याहून संगमनेर पुणे-नाशिक महामार्गाने साधारण १४० किलोमीटर, नाशिकहून ७०, अहिल्यानगर शहरातून शंभराच्या आसपास. संगमनेरपासून पेमगिरी वीस किलोमीटरच्या आत-बाहेर. संगमनेर-अकोले रस्त्यावर कळस गाव लागतं, तिथून आत वळायचं. स्वतःची गाडी नसेल तर संगमनेरच्या एसटी स्टँडवर चौकशी करून जीप किंवा रिक्षा ठरवलेली बरी. परतीची वेळ त्याच वेळी पक्की करावी. वड गावठाणापासून थोडा बाजूला आहे. तो कुणालाही विचारला तरी दाखवतात. पण नुसतं ‘दाखवणं’ आणि कुणीतरी बरोबर येणं यात फार फरक आहे.

वाटाड्या गावातलाच घ्यावा, शक्यतो पन्नाशीच्या पुढचा. मोबदला निघण्यापूर्वी बोलून ठरवावा आणि ठरवल्याप्रमाणे द्यावा; चहा-जेवणावर भागवू नये. आमच्याबरोबर जे मामा येतात ते झाडाची माहिती अशी काही सांगत नाहीत. ते हात करून दाखवतात. ‘ही पारंबी मी शाळेत होतो तेव्हा बोटाएवढी होती’, आणि समोर मांडीएवढा खांब असतो. वडाचं वय मोजण्याची याहून खात्रीची पद्धत आपल्याजवळ फारशी नाही. रेडवूडच्या खोडात दर वर्षाचं वलय उमटतं, त्यावरून दोन हजार वर्षांपलीकडची वयं मोजता आली आहेत. वडाच्या खोडात अशी भरवशाची वलयं मिळत नाहीत, आणि मूळ बुंधा कुजून गेला तरी झाड चालूच राहतं. त्यामुळे वयाचे जे आकडे फलकांवर लिहिलेले असतात त्यांच्यापेक्षा मामांच्या बोटावर माझा विश्वास जास्त.

मामा आणखी एक काम करतात. झाडाखाली जाखमतबाबा आणि जाखाई यांची ठाणी आहेत. वाघाशी झुंजताना जीव गेलेल्या माणसाची आणि त्याच्या बहिणीची ही कथा. सांगणाऱ्यागणिक तिचे तपशील बदलतात. मामा तिथे चप्पल काढायला लावतात, नमस्कार करायला लावतात आणि मग हळूच सांगतात की या झाडाचं लाकूड घरी नेत नाहीत. वाळलेली काटकीसुद्धा नाही. हा वड एवढा मोठा होऊ शकला याचं एक कारण इथेच मिळतं. संगमनेर तालुका पर्जन्यछायेतला. दुष्काळात गुरांना पाला हवा असतो, चुलीला जळण हवं असतं. अशा मुलखात कित्येक दुष्काळांमधून हे झाड कुऱ्हाडीविना राहिलं ते देवाच्या धाकाने आणि गावाच्या मायेने. शहरी भागांसाठी महाराष्ट्राच्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि पन्नास वर्षांवरच्या झाडांना ‘वारसा वृक्ष’ म्हणून वेगळं संरक्षण मिळालं. तो कायदा खेड्यापर्यंत येत नाही. पेमगिरीत रखवाली गावानेच केली आहे.

वडाखाली किमान दीड-दोन तास द्यावेत, तेही सकाळी. साडेसहाला संगमनेर सोडलं की साडेसातपर्यंत तिथे असता. पहिली पंधरा मिनिटं आत शिरू नये. बाहेरून झाडाची पूर्ण फेरी मारावी. कडेच्या फांद्या कुठवर आल्या आहेत, कुठल्या बाजूला झाड पुढे सरकतंय आणि कुठे थांबलंय, हे फेरीतच कळतं. मग एकामागोमाग एक, पायवाटेने आत. मुलांना एक काम द्यावं: सर्वांत जाड खांब आणि सर्वांत नवी, जमिनीला नुकती टेकलेली पारंबी शोधायची, पण कशालाही लोंबकळायचं नाही. मुलं हे मन लावून करतात. मोठ्यांना सांगावं लागतं की खोडावर नाव कोरायचं नाही.

उन्हाळ्यात वड फळतो तेव्हा तर तिथून निघवत नाही. लाल फळांवर मैना, तांबट, कोकिळा असतात आणि नशीब असेल तर हरियालांचा थवा. हिरवट-पिवळा, पायांनी पिवळाधम्मक असा हा कबुतराच्या जातीचा पक्षी महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे. पानांत तो असा मिसळून जातो की थवा उडाल्यावरच कळतं, इथे पंधरा-वीस पक्षी बसले होते. वडाचं फळ म्हणजे आतल्या बाजूने फुलं भरलेली बंद पिशवी. तिच्या टोकाच्या बारीक छिद्रातून डोळ्याला जेमतेम दिसणारी एक गांधीलमाशी आत शिरते, अंडी घालते आणि आतच मरते. तिनेच आणलेल्या परागांवर बी धरतं. वडाची ही माशी वेगळी, उंबराची वेगळी. माशी नाही तर बी नाही, आणि बी पक्ष्याच्या पोटातून गेल्याशिवाय दूर जाऊन रुजत नाही. जुन्या भिंतींवर, विहिरींच्या कठड्यांवर उगवलेल्या वडाच्या रोपांचं मूळ या पक्ष्यांच्या विष्ठेत असतं.

ऋतूंचं सांगायचं तर नोव्हेंबर ते मार्च सोयीचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये तांबूस कोवळी पालवी दिसते. एप्रिल-मेमध्ये ऊन कडक, पण पक्षी भरपूर; तेव्हा सूर्य डोक्यावर यायच्या आत परतावं. भर पावसात, माती ओली असताना, गट नेऊ नये. ओली माती पायाखाली सर्वांत जास्त दाबली जाते आणि नंतर वाळून दगडासारखी होते. वटपौर्णिमेला गावच्या बायका पूजेला येतात. तो दिवस त्यांचा असतो. झाड बघायला आलेल्यांनी त्या दिवशी गर्दी वाढवू नये. शहरांत त्याच दिवशी वडाच्या फांद्या तोडून बाजारात विकायला येतात, ते पाहून जीव कळवळतो. इथे मात्र पूजा उभ्या झाडाची होते.

दोन गोष्टींचं भान ठेवावं. मोठ्या झाडांवर आग्या मोहोळ असू शकतं. त्याखाली धूर, अत्तर, फटाके, गोंगाट यांतलं काही नको. आणि प्रवरेच्या खोऱ्यातल्या उसामुळे या भागात बिबट्यांचा वावर आहे. लहान मुलं बरोबर असतील तर अंधार पडायच्या आत गाडीत बसावं.

पेमगिरीचा किल्ला वडापासून जवळच. तासाभरात होतो. वर पाण्याची खोदीव टाकी आहेत, पेमादेवीचं देऊळ आहे. १६३३ मध्ये मोगलांनी दौलताबाद घेऊन निजामशाही बुडवली, तेव्हा शहाजीराजांनी मुर्तजा नावाच्या बालवारसाला याच गडावर गादीवर बसवलं आणि त्याच्या नावाने जवळजवळ तीन वर्षं कारभार हाकला. १६३६ मध्ये शहाजहान आणि आदिलशहा एक झाल्यावर तो डाव मोडला. इतिहासाच्या ओढीने येणाऱ्यांनी गडाला वेगळा दिवस द्यावा; वडाच्या दिवशी गड हा सकाळच्या उरलेल्या वेळेचा भाग आहे. वरून खालचा मुलूख मात्र जरूर पाहावा. कोरडी, तपकिरी माळरानं, मधे उसाची हिरवी चौकट, आणि पश्चिमेला निळसर सह्याद्री. दुसऱ्या सहलीचं ठिकाण तिकडेच आहे.

अहिल्यानगर जिल्ह्याबद्दल बाहेरच्यांची कल्पना दुष्काळी मुलखाची असते. पाथर्डी, कर्जत, जामखेड पाहिलेल्यांची चूक नाही. पण त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, घाटघर आणि रतनवाडी आहेत. तिथे पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या घरात पडतो. वर्तमानपत्रं घाटघरला ‘नगरचं चेरापुंजी’ म्हणतात. कळसूबाई हे १६४६ मीटरचं महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर इथलंच. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झालं. जुन्या रानाकडे एक दिवसाची वाट काढायची तर मला रतनवाडी सर्वांत योग्य वाटते.

संगमनेरहून अकोले, राजूर, भंडारदरा असं जावं लागतं. राजूरला पेढे घ्यायला थांबणारे थांबतात; थांबावंच. भंडारदऱ्याच्या धरणाचं काम १९१० मध्ये सुरू झालं आणि १९२६ मध्ये मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं, म्हणून ते ‘विल्सन डॅम’. जलाशयाच्या काठाकाठाने रस्ता रतनवाडीत पोचतो. अभयारण्याच्या नाक्यावर शुल्क भरून पावती घ्यावी. नाक्यावर उघडबंदची वेळ विचारून ठेवावी, ती ऋतूप्रमाणे बदलते. गावात अमृतेश्वराचं कोरीव देऊळ आहे. ते शिलाहारांच्या काळातलं समजलं जातं. तिथूनच रतनगडाची पायवाट निघते.

इथे मी गटाला एक गोष्ट आधीच सांगून टाकतो: आपण गडावर जाणार नाही. रतनगडाच्या माथ्यावर जायचं तर शिड्या चढाव्या लागतात, पूर्ण दिवस जातो आणि सगळ्यांचं लक्ष पायाकडे आणि घड्याळाकडे राहतं. रानासाठी आलेल्यांनी गडाच्या वाटेवरचं अर्धं अंतर चालावं, सावलीत बसावं आणि परतावं. ही वाट प्रवरेच्या उगमाच्या ओढ्यांना पुन्हा पुन्हा ओलांडत दाट झाडीतून चढते. हिरडा, बेहडा, जांभूळ, आंबा, उंबर, सादडा, खाली करवंद आणि कारवी. काही खोडांना दोघांनी हात धरले तरी कवेत येत नाहीत. शेकरू, म्हणजे आपला राज्यप्राणी असलेली मोठी तांबूस खार, या फांद्यांवरून त्या फांद्यांवर जाते आणि तिचा आवाज आधी ऐकू येतो. ऐकायचा असेल तर बोलणं थांबवावं लागतं. अर्धा तास कुणी बोलायचं नाही, असं ठरवून बसलं की सुरुवातीला लोक अवघडतात, नंतर त्यांनाच उठायचं नसतं.

या रानाची खरी ओळख इथल्या महादेव कोळी आणि ठाकर माणसांकडे आहे. हिरडा त्यांच्या उपजीविकेचा भाग आहे. बाळहिरडा गोळा करून, वाळवून ते विकतात. त्यामुळे कोणतं झाड कधी फळतं, कुठल्याला या वर्षी कमी आलं, हे त्यांना वहीत लिहिल्यासारखं पाठ असतं. इथे वाटाड्या नाकारणं म्हणजे अर्धं रान न पाहता परत येणं, असं मी ठामपणे म्हणतो. रानभाज्यांची नावं, कोणत्या पानाचा रस कशावर लावतात, कुठल्या ओढ्याचं पाणी मेपर्यंत टिकतं, हे सगळं त्यांच्या बोलण्यातून सहज येतं. तरुण मुलं वाटाडे म्हणून पुढे येताहेत. त्यांच्याबरोबर एखाद्या वडीलधाऱ्यालाही घ्यावं, दोघांचा मोबदला द्यावा. दुपारचं जेवण गावातल्याच घरी सांगून ठेवावं. भाकरी, पिठलं, ठेचा, भात आणि वरण मिळतं, आणि पैसे गावात राहतात. अकोले तालुक्यातल्याच कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाणी जपली आणि त्यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. रानाच्या कडेला राहणाऱ्या बाईने काय काय राखून ठेवलेलं असू शकतं, हे त्यांच्या कामातून जगापुढे आलं.

सह्याद्रीत देवाच्या नावाने राखलेल्या रानाला देवराई म्हणतात. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला. आजूबाजूचे डोंगर बोडके झालेले असतानाही देवराईच्या हद्दीत जुनी झाडं, वेली आणि झरे टिकले होते, हे त्यांनी नोंदवलं. देवराईचा कायदा पेमगिरीच्या वडासारखाच: लाकूड न्यायचं नाही, फांदी तोडायची नाही, काही ठिकाणी पानही उचलायचं नाही. वाटाड्या तुम्हाला देवराईत नेणार असेल तर गावाला विचारूनच नेईल. तो नाही म्हणाला तर आग्रह धरू नये. सगळ्या जागा पाहुण्यांसाठी नसतात.

आता काजव्यांबद्दल, कारण भंडारदऱ्याचं नाव काढलं की हल्ली तोच विषय निघतो. मेच्या शेवटापासून पाऊस नीट लागेपर्यंत सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ यांच्या फांद्यांवर काजवे एका लयीत पेटतात-विझतात. ते दृश्य पाहिलेला माणूस जन्मभर विसरत नाही, हे खरं आहे. पण त्या उजेडाने काजवे जोडीदार शोधत असतात. गाड्यांचे दिवे, मोबाइलच्या बॅटऱ्या, कॅमेऱ्याचे फ्लॅश यांत त्यांचा इशारा हरवतो. त्यांच्या अळ्या जमिनीवरच्या पालापाचोळ्यात आणि मातीत वाढतात, गोगलगायी खातात. वाट सोडून झाडाखाली शिरणारी गर्दी पुढच्या वर्षीचे काजवे पायाखाली घेते. शनिवार-रविवारी इथे गाड्यांच्या रांगा लागतात. मी गटाला त्या पंधरवड्यात नेत नाही. ज्यांना जायचंच आहे त्यांनी मधल्या वारी जावं, गाडी लांब लावून चालत यावं, दिवे बंद ठेवावेत, वाटेवरच थांबावं आणि वनखात्याने ठरवलेल्या वेळेत बाहेर पडावं.

रतनवाडीसाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. पाऊस ओसरल्यावर ओढे वाहते असतात, वाट निसरडी नसते. पावसाळ्यात ओढे एकाएकी फुगतात, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये शाळेचे गट नेऊ नयेत. पायात पकड असलेले बूट, पूर्ण बाह्यांचे कपडे, माणशी दोन लिटर पाणी, टोपी, साधी औषधं, आणि परत आणायच्या कचऱ्यासाठी पिशवी. प्लॅस्टिकच्या बाटल्या गावातच ठेवून जाव्यात. फोनला सगळीकडे रेंज नसते, म्हणून परतीची वेळ गावात सांगून निघावं. साठीच्या पुढच्यांनी आणि गुडघे दुखणाऱ्यांनी देवळाजवळून निघणारी पहिली सपाट वाटच घेतली तरी रान भेटतं. एवढं त्यांना आधी सांगितलं की ते संकोच न करता येतात.

दोन्ही ठिकाणं एकाच दिवसात बसवू नका. संगमनेर ते रतनवाडी आणि परत, यातच गाडीत बराच वेळ जातो. दोन दिवस काढता येत असतील तर पहिल्या दिवशी पेमगिरी करून दुपारी अकोल्याकडे निघावं, भंडारदऱ्याच्या परिसरात मुक्काम करावा आणि दुसऱ्या सकाळी उजाडताच रतनवाडी गाठावी. एकच दिवस असेल आणि बरोबर लहान मुलं किंवा आजी-आजोबा असतील तर पेमगिरी. चालणारी माणसं असतील तर रतनवाडी. वाटाड्याला आठवडाभर आधी फोन करावा आणि आदल्या संध्याकाळी पुन्हा एकदा. शेतीची कामं निघाली, गावात लग्न किंवा दहावा असला तर तो येऊ शकत नाही, आणि मग दुसऱ्याची सोयही तोच करून देतो.